हैबतीच्या दारचे औषध

सनईची पत्ती कोरडी असली तर बोलत नाही. फार भिजली तरी बोलत नाही.

ज्वारीच्या दाण्याएवढा एक खडा.

चैत्रात चिंचा पिकून गळतात आणि गावभर दात आंबतात.

महाराजांचा उजवा हात. तो सहसा कुणाच्या गालावर जात नसे.

भाविकहो, या सगळ्याची गाठ केळदरीत पडली. केळदरी म्हणजे डोंगराच्या कुशीतले लहानसे गाव. तिथल्या महादेवाच्या देवळामागे, ओवरीत, गोंदाजी महाराज राहत असत. अंगावर एक घोंगडी, उशाला दगड. महाराजांना जाग येई ती सटवाजी गुरवाच्या सनईने. सूर थांबला की महाराज म्हणत, "सटवा, देव उठला बरं का."

एवढेच म्हणत. पण हे एवढेच हैबतीच्या काळजात सलत असे.

हैबती हा सटवाजीचा थोरला चुलतभाऊ. तोही सनईवालाच, आणि नावाजलेला. जहागीरदारांच्या लग्नात वाजवून त्याने जरीचा फेटा मिळवला होता. तो फेटा बांधून तो पारावर बसे आणि म्हणे, "सटव्याला दोनच सूर येतात. एक चुकीचा, अन् दुसरा त्याहून चुकीचा." लोक हसत. सकाळ झाली की मात्र तेच लोक सटवाजीची सनई ऐकायला दारात उभे राहत. हैबती तेव्हा उशी कानावर दाबून घेई.

मग सटवाजीला तो आजार जडला.

घास तोंडात घेतला की उजव्या जबड्याखाली गाठ फुगे. आधी लिंबाएवढी, मग कवठाएवढी. जेवण टाकले की तासाभराने उतरे. वैद्यबुवांनी जिभेखाली बोट घालून पाहिले आणि सांगितले, "लाळेच्या वाटेत खडा अडकलाय. आंबट तर नावालासुद्धा खायचं नाही. चैत्रातल्या पालखीनंतर चिरावं लागेल. जिभेला धक्का लागला, तर मात्र सनई विसरायची."

सटवाजी पातळ पेजेवर राहू लागला. तोंडाला कोरड पडे, पत्ती भिजेना, सूर फाटू लागला. गाव हळहळले. हैबतीला आनंद व्हायला हवा होता. पण त्याने एका सकाळी पाहिले, की सटवाजी महाराजांपुढे बसला आहे आणि महाराजांचा उजवा हात त्याच्या सुजलेल्या गालावर आहे.

काय सांगावे! त्या क्षणी हैबतीला सटवाजीच्या गाठीचासुद्धा हेवा वाटला.

महाराज म्हणाले, "सटवा, तुझं औषध हैबतीच्या दारात आहे. पण तू मागायला जायचं नाही. तो आपल्या हाताने आणून देईल."

खांबाआडून हैबती हसत पुढे आला. "माझ्या दारात? माझ्या दारात एक खरजुलं कुत्रं आहे, महाराज, आणि एक चिंचेचं झाड. बाकी औषध-बिषध काही नाही. अन् असलं तरी माझ्या हातून याला चिंचोकासुद्धा मिळायचा नाही!"

"बरं," महाराज म्हणाले.

सटवाजी खाली मान घालून म्हणाला, "दादा, मी कुठं काय मागितलं?"

त्या 'दादा'ने हैबती आणखीच पेटला.

चैत्रातली पालखी आली. केळदरीची रीत अशी, की सनईचा पहिला सूर लागल्याशिवाय पालखी खांद्यावर घ्यायची नाही. ज्याचा सूर पालखीपुढे फाटेल, त्याच्या घराचा मान कायमचा जातो. हैबतीला हे चांगले ठाऊक होते. आणि सनईवाल्याचे वर्म सनईवाल्यालाच ठाऊक असते.

ऊन देवळाच्या अंगणात आले. सटवाजीने सनई ओठांना लावली. हैबती बरोबर समोर, पहिल्या ओळीत मांडी घालून बसला. त्याच्या उपरण्यात घरच्या पिकलेल्या चिंचा होत्या, वर जाडे मीठ. तो एकेक बुटुक मचमच आवाज करत चोखू लागला.

"आहाहा! यंदा झाडाला काय आंबटपणा आलाय!"

सटवाजीच्या तोंडाला पाणी सुटले. ते यायला वाट नव्हती. जबडा फुगला, डोळ्यांत पाणी उभे राहिले. सनईतून फस्स असा आवाज निघाला आणि ती हातातून सुटली. तो गुडघ्यांवर कोसळला. माणसे धावली. पालखी जमिनीवरच राहिली.

हैबती स्वतःची सनई घेऊन उठला. तोच महाराज म्हणाले,

"हैबती, बस खाली. चिंच संपली नाही अजून. खा."

आवाज चढा नव्हता. पण हैबती पुन्हा मांडी घालून बसला. तो खाऊ लागला. एक, आणखी एक. सटवाजीची नजर त्याच्या तोंडावरून हलेना. महाराजांनी सटवाजीच्या जबड्याखाली अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. लाळेचा लोंढा आतून रेटत होता, रेटत होता.

"आई गं!" सटवाजी ओरडला आणि त्याने ओंजळीत थुंकले.

ओंजळीत एक पिवळट खडा होता.

मागोमाग लाळ अशी वाहिली, की महाराजांचे मनगट भिजले. गाठ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरली. सटवाजीने चूळ भरली, पत्ती पुसली, आणि सूर लावला. भाविकहो, तो सूर असा लागला, की पालखी कुणी उचलली हे कुणालाच कळले नाही!

हैबती मात्र बसूनच होता. त्याचे दात आंबले होते, स्वतःची सनई धरवत नव्हती. मांडीवर चिंचेची टरफले. त्यांच्याकडे तो बघत राहिला. मग त्याने जरीचा फेटा उतरवला आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"महाराज, मी याला बुडवायला आणल्या होत्या."

"ठाऊक आहे. पण आपल्या हातानेच आणल्यास ना?" महाराज म्हणाले. आणि तो उजवा हात, सटवाजीच्या लाळेने ओला, त्यांनी हैबतीच्या गालावर ठेवला.

हैबतीने तो गाल पुसला नाही.

सटवाजी लहान असताना त्याच्या ओठांना पहिली सनई लावली, ती हैबतीने.