राजाचे सागवानी हंडे

“हंडे तांब्याचेच राहतील, पण दिसले पाहिजेत लाकडाचे! खिळा ठोकायचा नाही, सरस लावायचा नाही, दोरी बांधायची नाही!” रणधवलराजांनी हुकूम सोडला आणि गोंदा सुताराने मान खाली घातली.

शेजारी त्याची लेक येसू उभी होती. तिने मान खाली घातली नव्हती. ती समोर मांडलेले तीन हंडे निरखत होती.

सावरगडच्या या राजांचं प्रजेवर फार प्रेम! प्रजेची तब्येत बिघडू नये म्हणून त्यांनी राज्यभर दारूबंदी केली होती. कुणाकडे भट्टी सापडली, तर भांडी फोडायची आणि मालकाला भर चौकात वीस फटके द्यायचे, असं फर्मान होतं. स्वतःच्या तब्येतीची मात्र बिचाऱ्यांना कधीच पर्वा नव्हती. परदेशी व्यापाऱ्याकडची जवाची फेसाळ दारू एकदा चाखली आणि त्यांनी वाड्यामागेच घरची भट्टी मांडायचं ठरवलं.

“महाराज, तांब्याला काय झालं?” येसूने विचारलं. “चांगलं चकाकतंय की!”

“तेच तर! कुणीही लांबून म्हणेल, राजाने भट्टी लावली. लाकूड असं चढवा, की बघणाऱ्याला हे दारूचं भांडं वाटता कामा नये!”

“आणि वास आला तर?”

“वास येणारच! आत दारू फसफसत असतानाच कोतवाल येऊन तपासेल. त्याने ‘हे दारूचं भांडं’ म्हटलं, की तुझ्या बापाची हत्यारं जप्त आणि तुम्ही दोघं राज्याबाहेर!”

कोतवाल फत्तेराव म्हणजे चालतंबोलतं नाक! दोन गल्ल्यांपलीकडची मोहाची दारू तो स्वतःच्या दारात उभं राहून ओळखायचा.

घरी आल्यावर गोंदा कपाळाला हात लावून बसला. “खिळा नाही, सरस नाही, दोरी नाही! फळ्या काय मंतर मारून चिकटवू?”

“बा, गाडीच्या चाकाला तू लोखंडी धाव चढवतोस, ती मंतराने राहते होय?”

“तापवून चढवतो. थंड झाली की आपोआप आवळते,” गोंदा म्हणाला आणि ताडकन उठला. “अगं, म्हणजे हंडा नुसता उंच चाकच की!”

“हो. वाडा मोठा, म्हणून चाकही मोठं!”

“आणि कोतवालाचं नाक? त्याला कुठली धाव चढवू?”

“नाक माझ्यावर सोड.”

बापलेकीने सागाच्या फळ्या कडांना तिरप्या तासल्या आणि हंड्याभोवती उभ्या मांडल्या. लालबुंद लोखंडी धावा वरून घातल्या, पाणी ओतलं. चर्रर्र आवाज झाला आणि फळ्या अशा आवळून बसल्या, की मधे सुरीचं पातं शिरेना! जाळ लागू नये म्हणून खालचं वीतभर तांबं मोकळं ठेवलं आणि चुलीच्या विटांत दडवलं.

तपासणीच्या दिवशी अख्खा दरबार वाड्यामागे जमला. हंड्यांत जवाची दारू फसफसत होती. वास असा घमघमत होता, की प्रधानजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडाला तर ते आधीच सुटलं होतं.

राजांनी खिळा शोधला, दोरी शोधली. काहीच सापडेना, तशी त्यांची जरा निराशाच झाली.

“कोतवाल! सांग, हे काय आहे?”

फत्तेरावाचं नाक थरथरलं, चेहरा खुलला. “महाराज, हे तर सरळसरळ...”

“थांबा, कोतवालसाहेब!” येसू पुढे झाली. “एवढी मोठी कामगिरी, घाई नको. दारूचं भांडं सापडलं की पुढे काय करतात, तेवढं या अडाणी पोरीला सांगा.”

“भांडं फोडायचं,” कोतवाल छाती फुगवून म्हणाला, “आणि मालकाला भर चौकात वीस फटके!”

“मालक बडा असला तर?”

“मालक कोणीही असो! तसं फर्मानच आहे!”

“वा! मग आता बेधडक सांगा. हे दारूचं भांडं आहे का? आणि असलं, तर कुणाचं?”

फत्तेरावाने हंड्याकडे पाहिलं. मग राजांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातातल्या चाबकाकडे पाहिलं. थरथरणारं नाक जागच्या जागी थिजलं.

“दारूचं? छे! हा... हा तर पाण्याचा रांजण!”

“फसफसतोय तो?” राजे ओरडले.

“पाणी ताजं आहे, महाराज!”

“आणि वास?”

“कसला वास? मला सकाळपासून सर्दी झाली आहे!”

“गाढवा! प्रधानजी, तुम्ही सांगा!”

प्रधानजींनी खोल श्वास घेतला. गरज नसताना आणखी एक घेतला. “मला तर ही धान्याची कणगी वाटते.”

“काढा आहे!” राजवैद्य घाईघाईने म्हणाले. “खोकल्यावरचा!”

राजांचा तोल सुटला. “सगळ्यांचे डोळे फुटले का? दारू आहे ही! माझी दार...”

पुढचा शब्द राजांनी गिळला. येसूने हात जोडले.

“काय म्हणालात, महाराज? कोतवालसाहेबांना नीट ऐकू आलं नसेल. सर्दी झाली की कानही बसतात!”

राजांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं आणि ते गदगदून हसत सुटले. “पाणी! पाणीच आहे हे! पोरी, राजाला त्याच्याच भट्टीत उकडलंस की! गोंदा, आजपासून तू वाड्याचा सुतार. आणि येसू, तुला काय हवं ते माग!”

“महाराज, गोरगरिबांच्या घरीही सणासुदीला असलं ताजं पाणी फसफसतं,” येसू म्हणाली. “तेवढी कोतवालसाहेबांची सर्दी बरी होऊ देऊ नका!”

राजे पुन्हा इतके हसले, की त्यांना हंड्याचा आधार घ्यावा लागला. त्यांनी मनगटावरचं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं आणि ओरडले, “कोतवाल! आजपासून तुला कायमची सर्दी!”

“आक्छी!” फत्तेराव लगेच शिंकला.