राजाची वाट आणि चाळीस मणांची घंटा

घारगडाच्या पायथ्याशी चाळीस मणांची घंटा तीन दिवस गाडीत बसून होती. वर जायचं नाव घेईना! गडावर देवीचं देऊळ, दसरा दोन दिवसांवर, आणि राजा मानधवलाने स्वतः दोरी धरून उघड्या कातळावर चुन्याच्या दोन रेघा मारून घेतलेल्या. पायथ्यापासून देवळापर्यंत सरळसोट, भिंतीला शिडी टेकवावी तशा. हा म्हणे राजाचा रस्ता.

रावजी गाडीवानाने सहा वेळा बैल जुंपले. वीस पावलं चढलं की गाडी मागे ओढायला लागे, चांद्या गुडघ्यांवर येई आणि मैन्याच्या तोंडाला फेस. शेवटी रावजीने हात जोडून विनवलं, की डोंगराला थोडा वळसा घालू द्यावा.

राजा भडकला. "माझी वाट काय सापासारखी वळवळत जाणार? माझं पाऊल पडेल तोच या गडाचा रस्ता. तो सोडून चाक वीतभर बाहेर गेलं, तर बैल सरकारजमा आणि तू गावाबाहेर."

रावजीची लेक येसू बैलांना पाणी पाजत होती. तिने ते बोल नीट ऐकून ठेवले.

"आबा," ती बापाला म्हणाली, "सपाटीवर घंटेचं ओझं जमीनच पेलते, बैल नुसते पुढे नेतात. कातळ उभा झाला की तो अंग काढून घेतो, आणि ओझं येतं आपल्या चांद्याच्या मानेवर. आडवं गेलं की कातळ पुन्हा भार घेतो."

"ते मला कळतंय गं. पण राजाला कोण सांगणार?"

"त्याचेच पाय सांगतील."

येसू थेट राजापुढे गेली. देवीला दान चढवायचं तर आधी यजमानाने कुंकवाच्या पावलांनी वर जायचं, हातात पाण्याने काठोकाठ भरलेला कलश घेऊन, आणि थेंब सांडायचा नाही, ही त्या गडाची जुनी रीत. घाईत ती राहूनच गेली होती. घंटा अडली यात नवल काय, असं येसूने विचारलं. म्हाताऱ्या पुजाऱ्याने मान डोलावली. बैलांपेक्षा देवीनेच अडवलं हे राजालाही बरं वाटलं.

पहाटे राजा अनवाणी निघाला. मागे पुजारी कुंकवाच्या पाण्याची परात घेऊन. पाऊल फिकं पडलं की परात पुढे.

पहिली पन्नास पावलं राजा रेघांच्या मधोमध चालला, ताठ. येसू खालून टक लावून पाहत होती. हा हट्टी माणूस असाच वर पोचला तर? पण मग चढ उभा झाला. पोटऱ्या भरून आल्या, कलश डचमळला. थेंब जपायचा म्हणून राजाने पाऊल जरा डावीकडे टाकलं. मग आणखी डावीकडे. चुन्याची रेघ कधी ओलांडली ते त्याला कळलंही नाही, कारण डोळे कलशावर होते! दम लागला तसा तो उजवीकडे वळला, पुन्हा डावीकडे. असं करत करत, थेंबही न सांडता, तो देवळात पोचला आणि कलश मांडीत धरून, खांबाला टेकून डोळे मिटून बसला.

"जुंपा, आबा," येसू म्हणाली.

ती पुढे, बैल मागे. कुंकवाच्या पावलांवरून गाडी आडवी निघाली. वळण आलं की चाकामागे दगड लावायचा, बैलांना श्वास घेऊ द्यायचा, की पुन्हा चाल. चांद्या एकदाही बसला नाही.

ऊन तापायच्या आत देवळाच्या अंगणात घंटा घणघणली. राजाने डोळे उघडले. गाडी समोरून यायची, ती आली होती बाजूने!

"थांबा! चाक रेघेबाहेर गेलंय. रावजी, बैल सोड."

रावजी बैल सोडायला जुवाकडे वळला. येसूने मात्र मान लववली.

"रेघेबाहेर गेलंय, महाराज. पण कुंकवाबाहेर गेलेलं नाही."

राजा कलश तसाच हातात धरून उठला आणि कठड्याशी आला. खाली काळ्या कातळावर पांढऱ्या दोन रेघा सरळ उभ्या होत्या, आणि त्यांना सात वेळा ओलांडून लाल पावलांची वाट वळवळत वर आली होती. त्याच्याच पावलांची. थेट त्याच्याच अंगठ्यापर्यंत.

आधी त्याच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. मग तो इतका हसला, की आवरून धरलेला कलश शेवटी त्याच्याच पायावर सांडला!

बैलांच्या गळ्यात त्या दिवशी चांदीच्या घुंगुरमाळा पडल्या. आणि रस्ता आखायची दोरी राजाने येसूच्या हातात दिली. "धर," तो म्हणाला, "उरलेल्या वाटा तू आख. माझ्या पोटऱ्या दुखतात."