अकरा पिढ्यांची माती

पूर्वी कृष्णशिला नगरीत चंडवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व विहिरी खोदणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. कोणत्या शेतात किती हातांवर मुरूम लागतो आणि कुठे काळा पाषाण, हे त्याला तोंडपाठ होते.

राजाला तटबंदीचे वेड लागले होते. शेजारच्या राजाचा तट आपल्यापेक्षा उंच, हे एकच शल्य त्याला खात होते. विटांसाठी माती हवी, म्हणून त्याने बोधिसत्त्वाला बोलावून घेतले.

"सगळ्यांत खोल माती कुठे आहे, सांग," राजा म्हणाला. "शंभर गाई देईन. लपवलंस तर या राज्यात पुन्हा कुदळ हाती धरू देणार नाही."

बोधिसत्त्वाला जागा ठाऊक होती. ती नदीकाठच्या खोऱ्यात होती आणि त्या मातीवर आठ गावे जगत होती. गाईंचा मोह त्याला शिवला नाही, आणि धमकीचा रागही आला नाही. "सांगतो, महाराज," तो म्हणाला. "पण माती वरून कळत नाही. खोऱ्यात माझी विहीर अर्धी खोदून झाली आहे, तिच्यात उतरावं लागेल."

राजेलोकांना खाली उतरायची सवय नसते. पण कुतूहल गप्प बसू देईना, तेव्हा चंडवर्मा त्याच्याबरोबर दोराच्या टोपलीत बसला.

वर काळीभोर माती होती, बारीक मुळांनी विणलेली. ती संपता संपेना. तिच्याखाली पांढऱ्या खड्यांची पिवळट माती लागली, मग मुरूम, मग रचून ठेवल्यासारखे गोल धोंडे. राजाने एका धोंड्याला हात लावला, तर कांद्याचा पापुद्रा सुटावा तशी त्याची साल निघून बोटांत चुरली. तळाशी अखंड काळा पाषाण होता.

"हे धोंडे कुणी फोडले?"

"कुणीच नाही, महाराज. वर माती नव्हती तेव्हा उन्हानं तापले, गारव्यानं आकसले. फटींत पाणी शिरलं, मुळं शिरली. वरची माती एके काळी असाच पाषाण होती. थोडी इथंच झिजली, बाकीची डोंगरावरून पाण्यानं आणून ठेवली."

"किती दिवसांत?"

"ते पाहायला डोंगरावर यावं लागेल."

डोंगरावर दगडफुलाने माखलेला एक कलता कडा होता. त्याच्या पोटाखाली दगडी रांजण ठेवलेला होता.

"अकरा पिढ्यांमागच्या आमच्या पूर्वजानं हा ठेवला," बोधिसत्त्व म्हणाला. "कडा झिजून पडेल ते यात साठावं म्हणून. आमच्यातला प्रत्येक जण मरण्याआधी एकदा येऊन पाहून जातो. आपण हात घाला, महाराज."

राजाचा हात खांद्यापर्यंत आत गेला, तेव्हा कुठे बोटे मातीत रुतून तळाला टेकली.

"चारच बोटं आहे ही!"

"हो, महाराज. अकरा पिढ्यांची."

राजाने मान वळवली. खाली खोरे पसरले होते, नजर पोहोचेल तिथवर काळे. एकावर एक तीन पुरुष उभे केले तरी बुडतील इतकी खोल माती. तो मनाशी पिढ्या मोजू लागला. राजे संपले, राजवंश संपले, माणसे संपली, तरी हिशेब पहिल्या हातभर मातीच्या पुढे सरकेना. त्याच्या अंगावर काटा आला. आयुष्यात प्रथमच त्याला आपण फार लहान असल्यासारखे वाटले, आणि नवल असे की त्यात त्याला सुख वाटले.

"आणि हे मी भट्टीत घालणार होतो," तो पुटपुटला.

घामेजल्या हाताला धूळ चिकटली होती. सोबत आलेल्या अमात्याने पुसायला उपरणे पुढे केले. राजाने ते बाजूला सारले. तो रांजणापाशी गुडघे टेकून बसला आणि एकेका बोटावरचा कण न् कण नखाने सोडवून परत आत टाकू लागला. हात स्वच्छ होईपर्यंत तो उठला नाही. कृष्णशिलेचा तट होता तेवढाच राहिला.

तीन पावसाळ्यांचे वर्षावास ध्यान करूनही काही हाती लागले नाही, म्हणून भिक्षूचे वस्त्र, चीवर, उतरवून घरी निघालेल्या सुविनीत नावाच्या भिक्षूला त्याचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली. "तो राजा तू होतास," ते म्हणाले. "आठ गावांतली माणसं म्हणजे हा संघ, आणि विहिरी खोदणारा मी."

सुविनीत आपल्या आसनावर जाऊन पुन्हा ध्यानाला बसला. ही पारमिता क्षांतीची, धीराच्या पूर्णत्वाची.