सहीखालची मुंगी

मंडळी, चित्र खरं की खोटं हे ठरवताना भरवसा कुणावर ठेवाल? मोठ्या खुर्चीवर, की स्वतःच्या डोळ्यांवर?

सांगलीच्या प्रदर्शनात चंदूशेठ ओसवाल दिवंगत व्यंगचित्रकार दिगंबर खोतांची अस्सल छापचित्रं विकत होते. समोरच प्रदर्शनाचे अध्यक्ष रावसाहेब तीच चित्रं निम्म्या दरात खपवत होते, आणि वर दम देत होते, "शेठ, तुमचा माल नकली. उद्या दुकान उठवतो!"

चंदूशेठ हसले. "जरूर उठवा. फक्त चारचौघांसमोर सहीखाली बघून उठवा. खोत अस्सल चित्रावर पेन्सिलीनं बारीक मुंगी काढायचे."

सकाळी रावसाहेबांनी गर्दी जमवली. त्यांच्या प्रत्येक चित्रावर मुंगी होती, चंदूशेठच्या एकावरही नव्हती.

"आता बोला, शेठ!"

"बोलतो की. नलूकाकू, काल यांच्याकडून घेतलेलं चित्र आणलंत ना? दाखवा बरं."

काकूंनी पिशवीतून चित्र काढलं. त्यावर मुंगी नव्हती.

"रावसाहेब, खोतांनी मुंगी कधीच काढली नाही. ती थाप माझी. पण एका रात्रीत तुमच्याच चित्रांवर मुंग्या चढल्या, तर साखर सांडली कुणी?"

गर्दी खो खो हसली. दुकान उठलं, पण रावसाहेबांचं.

तेव्हा मंडळी, चित्र कुणाचंही असो, भरवसा मोठ्या खुर्चीवर नको, स्वतःच्या डोळ्यांवर ठेवा.