साळुंकीची हाक आणि भिवराची वाट

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माणसं अनवाणी चालायची, पाखरं माणसांच्या भाषेत बोलायची, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटायचं नाही. लहानांनो, तुम्ही नीट बसून ऐका. मोठ्यांनो, तुम्ही दिवसभर राबून दमला असाल, तर पाय पसरून ऐका. गोष्ट पायांचीच आहे.

एका रानात एक तिठा होता. एक रस्ता बाजाराच्या गावाला जाई, दुसरा घाट चढे, आणि तिसरी नुसती पायवाट. ती भिवराच्या खोपटापाशी जाऊन संपे. सगळं रान बोरी-बाभळींचं. पायात काटा मोडल्याशिवाय ते ओलांडणारा माणूस विरळाच. आणि काटा काढावा तर भिवरानं! जागेवर रुईचा चीक लावायची, जरा वेळ गप्पा मारत बसवायची, आणि काटा आपसूक वर आला की सुईच्या टोकानं असा उचलायची, की माणूसच विचारायचा, "निघाला?"

देणंघेणं ज्याच्या त्याच्या मनावर. कुणी पदरात ज्वारी घालायचं, कुणी दोन कांदे, कुणी नुसताच आशीर्वाद. पण सासूनं घालून दिलेली एक रीत भिवरा कधी चुकवायची नाही. बरा झालेला माणूस उठला की ती म्हणायची, "जाताना माझ्या वाटेवरचा एक काटा उचला आन् कुंपणात खोचा. विसरू नका हं." माणसं हसायची, पण उचलायची. एकेक काटा करत ती वाट अशी साफ झाली होती, की दुखरा पाय तिठ्यावर आला की आपणहून तिकडेच वळायचा.

तिठ्यावरच्या उंबरावर एक साळुंकी राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्याचं बोलणं ऐकणं आणि विचारलं तर सांगणं, हा तिचा छंद. "काटा कोण काढतं गं इथं?" असं कुणी विचारलं, की ती सांगायची, "भिवरा काढते. त्या साफ वाटेनं जा." विचारणाऱ्याला खरं सांगायचं आणि त्याचं काही घ्यायचं नाही, हा तिचा नेम होता.

भिवरा मात्र आता थकत चालली होती. नवऱ्याची कंबर धरली ती धरलीच. म्हातारा बाजेवर पडून असायचा. खोपटामागचा वावराचा तुकडा एकटीनं नांगरायचा, एकटीनं पेरायचा, एकटीनं राखायचा, आणि शिवाय लोकांचे पाय. छप्पर तर असं झालं होतं की बाजेवरनं म्हातारा चांदण्या मोजायचा. गडी लावून ते शाकारायचं, तर गड्याला द्यायला धान्य हवं ना!

एकदा सरपण घेऊन येताना तिठ्यावर ती मटकन बसली. वरून साळुंकी म्हणाली, "काय भिवराबाई, तोंड का उतरलंय?"

"तोंडच का, सगळंच उतरलंय बाई. दिवसाकाठी चार पाय येतात. त्यात चूल तरी किती दिवस पेटायची?"

"चारच येणार. विचारणारालाच मी सांगते ना. न विचारणारे किती जातात इथनं लंगडत! रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकत जा. माणूस दिसला रे दिसला, की मी तुझं नाव घेऊन ओरडेन."

"आणि नाही टाकली तर?"

"तर नाही ओरडणार. पोट मलाही आहे. दाणे संपले की हाक संपली. नंतर म्हणू नकोस, साळुंकीनं सांगितलं नव्हतं."

पाखरानं काही लपवलं नाही, हे मोठ्यांनी ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या सकाळी भिवरानं मूठभर ज्वारी उंबराखाली टाकली. साळुंकीनं टिपली आणि जी हाकाटी सुरू केली! "काटा काढा, काटा! भिवराकडे चला, भिवराकडे!" दिवस कलायच्या आत खोपटापुढे माणसांची रीघ लागली. म्हातारा बाजेवर उठून बसला. म्हणाला, "भिवरे, जत्रा भरवलीस की गं!" थोड्याच दिवसांत छप्पर शाकारून झालं. खोटं कशाला बोला, त्या मुठीनं काम केलं.

पण एवढे पाय धरायचे म्हणजे हातांचे तुकडे पडायचे. कंबर भरून यायची, डोळ्यांपुढे सुईचं टोक नाचायचं. त्यात प्रत्येकाला रीत कोण समजावून सांगणार? एक उठला की दुसरा पाय पुढे करायचा.

"अगं, त्याला वाटेचं सांगितलं नाहीस," म्हातारा बाजेवरून म्हणायचा.

"सांगत बसू, का पुढच्याचा काटा काढू? उद्यापासून सांगीन."

तो उद्या काही उगवला नाही.

इकडे बाजाराच्या रस्त्याला एक चिमटेबुवा येऊन बसला. हातात पितळी चिमटा, कपाळाला गंध. काटा काढताना माणूस कळवळून ओरडला, की बुवा म्हणायचा, "ओरडला म्हणजे निघाला!" त्यानं साळुंकीला ओंजळभर ज्वारी टाकली. त्या दिवशी साळुंकी आधी चिमटेबुवाचं नाव घेऊ लागली, मग जमलं तर भिवराचं.

भिवरा तरातरा तिठ्यावर गेली. "हे काय गं साळुंके?"

"त्यानं ओंजळ टाकली बाई. तू दोन टाक, तुझं नाव आधी घेते."

भिवरानं दोन टाकल्या. बुवानं तीन टाकल्या. भिवरानं सूप रिकामं केलं. पाय बरे करून मिळालेली ज्वारी उंबराखाली जायची, आणि वर घरातलीही जायची. नाव मागे पडू द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात. कणगीच्या तळाशी हात लागायला लागला, तशी म्हाताऱ्यानं आपली अर्धी भाकरी गुपचूप तिच्या ताटात सरकवली. तिनं ती परत त्याच्या ताटात ठेवली, आणि दोघंही जेवली नाहीत.

एका दुपारी ठमा कासारीण आली. डोक्यावर बांगड्यांची पेटी, आणि लंगडत होती दोन्ही पायांनी!

"काय गं हे भिवरे?" ती ओरडलीच. "एका काट्यासाठी तुझ्याकडे निघाले, तर तुझ्या वाटेवर आणखी दोन मोडले. रान माजलंय नुसतं!"

ठमाच्या मागे रांग होती. चीक लावून वाट बघायला सवड नव्हती. तिनं घाईनं सुई खुपसली, काटा उपसला, आणि टोक आतच मोडलं. ते तिला कळलं, ठमालाही कळलं. ठमा काही न बोलता पेटी उचलून चालती झाली.

न बोलणारी बाई बाजारात गेली की बोलते. चार दिवसांत सगळीकडे झालं, की भिवरा स्वतःच वाटेवर काटे पसरते, म्हणजे गिऱ्हाईक लंगडतच दारात येतं! साळुंकी घसा फोडून ओरडायची, "भिवराकडे चला!" आणि माणसं म्हणायची, "नको गं बाई, तिच्या वाटेला कोण जाईल?"

पेरणी तोंडावर आली. कणगी झाडून झाली होती. घरात उरलं होतं ते एकच मडकं, राखेत घोळून ठेवलेल्या बियाण्याचं. भिवरानं ते उचललं तसा म्हातारा म्हणाला, "भिवरे, ते बियाणं आहे."

"ठाऊक आहे मला."

"पाखराला घातलंस तर वावरात काय टाकशील? पुढच्या साली काय खायचं आपण?"

"नाव बंद पडलं तर याच साली काय खायचं?" ती म्हणाली, आणि मडकं कडेवर घेऊन निघाली.

अर्ध्या वाटेवर तिच्याच पायात काटा रुतला, चांगला बोटभर बाभळीचा. ती तिथेच बसली. सुई घरी, चीक घरी. कित्येक महिन्यांत ती या वाटेनं खाली बघत चालली नव्हती. मान वर, लक्ष उंबराकडे. आज तिनं पाहिलं. ज्या वाटेवर एकेकाळी रांगती पोरं सोडावीत, तिथे बाभळीच्या डहाळ्या पडल्या होत्या, बोरीनं दोन्हीकडून हात पुढे केले होते, आणि सासूच्या वेळचं ते काट्यांचं कुंपण कधीच कोसळलं होतं. भिवराला रडू आलं. पायाच्या दुखण्यानं नाही, शरमेनं.

तशीच लंगडत ती तिठ्यावर गेली. साळुंकीनं मडक्याकडे पाहून पंख झाडले.

"थांब," भिवरा म्हणाली. "आधी एक सांग. पूर्वी तुला दाणे घालत नव्हते, तरी तू माझं नाव सांगायचीस. मग आता का नाही?"

साळुंकीनं मान वाकडी केली. "कारण आता कुणी विचारत नाही, बाई. पूर्वी तुझ्याकडनं परतणारी माणसं या उंबराखाली टेकायची, तुझं कौतुक करायची. ते ऐकून मी विचारणाराला सांगायची. माझ्या पदरचं त्यात काय होतं? आता परतणारी माणसं काय बोलतात, ते तुला ऐकायचंय का?"

"नको," भिवरा म्हणाली.  मडकं तसंच कडेवर घेऊन ती माघारी वळली. साळुंकी पाहत राहिली, आणि मग घाईनं चिमटेबुवाचं नाव घ्यायला लागली.

घरी येऊन तिनं आधी स्वतःच्या पायातला काटा काढला. बियाणं वावरात पडलं. आणि त्या दिवसापासून, वावरातलं काम उरकलं की भिवरा कोयता घेऊन वाटेवर जायची. वाकायची, डहाळी तोडायची, काटा उचलायची, कुंपणात खोचायची. पुन्हा वाकायची. माणूस काही येत नव्हता. अंबाडीच्या पाल्यावर आणि कण्यांवर दिवस निघाले. कधीकधी तिला वाटायचं, कशाला हे? कोण येणार आहे? कंबर तर सरळ व्हायचं नावच घेत नव्हती. म्हातारा बाजेवरून म्हणायचा, "आज किती झाली गं वाट?" ती म्हणायची, "कालच्यापेक्षा हातभर जास्ती," आणि पडल्या पडल्या तिला झोप लागायची.

कणसं भरायच्या सुमाराला वाटेच्या तोंडाशी कुणीतरी उभं राहिलं. ठमा कासारीण. टाच धरली होती, आत मोडलेल्या टोकाचं कुरूप झालं होतं.

"बुवाकडे जाऊन आले," ती म्हणाली. "त्यानं आणखी चिघळवलं. तूच मोडलंस, आता तूच काढ."

"चुकलं माझं, ठमा," भिवरा म्हणाली. "घाई केली मी. ये, बस."

या वेळी तिनं चीक लावला आणि वाट बघितली. दुपार कलली तरी बघितली. दोघी बोलत बसल्या, बांगड्यांचं, सुनांचं, कंबरेचं. शेवटी ते काळं टोक वर आलं. ठमा उठली, पाय टेकवून पाहिला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय देऊ गं?"

"जाताना एक काटा उचल आणि कुंपणात खोच."

ठमानं दोन उचलले. आणि कासारणीचं तोंड ते! ती सात गावांचे बाजार करायची, आणि बांगड्या भरताना बाईचा हात हातात असतो, गप्पांना काय तोटा! मग एक आली, मग दोघं आली. आले ते काटा उचलून गेले. जत्रा काही पुन्हा भरली नाही, पण चूल विझेना. उंबराखाली माणसं पुन्हा विचारू लागली, "ती काटेकाढी भिवरा कुठं गं?" आणि विचारणाऱ्याला साळुंकी पूर्वीसारखीच फुकट सांगू लागली.

सुगी उरकल्यावर एका दुपारी खोपटाच्या दारात काहीतरी फडफडलं. साळुंकी. एका पायावर उड्या मारत आत आली. दुसऱ्या पायात बोरीचा काटा आरपार.

भिवरानं तिला मांडीवर घेतलं. "काय गं, सकाळीच तर 'चिमटेबुवा, चिमटेबुवा' ओरडत होतीस. इथवर ऐकू येत होतं. मग त्याच्याकडे का नाही गेलीस? जवळ होता."

साळुंकी खाली मान घालून म्हणाली, "ओरडायचे दाणे घेते मी, बाई. पण पाय माझा आहे."

बाजेवरचा म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. भिवराला हसायचंही त्राण नव्हतं, तरी ती हसली. चीक लावला, वाट बघितली, काटा अलगद उचलला.

"काय देऊ?" साळुंकी म्हणाली. "दाणे आणू?"

"दाणे नकोत. जाताना वाटेवरचा एक काटा उचल, म्हणजे झालं."

साळुंकी उडाली, तिठ्यापर्यंत गेली, आणि तशीच परत आली. "बाई, वाटेवर एकही काटा नाही गं."

भिवरानं सुई पदराला पुसली आणि भिंतीला टेकली. कितीतरी दिवसांनी तिनं पाय लांब केले.

"मग बस जरा," ती म्हणाली. "मीही बसते."

म्हणून सांगतो, नड पडली तर हाक विकत घ्यावी, पण आपली वाट झाडायचं कधी सोडू नये.