देवीच्या खांबाच्या होड्या

खाडीवर कधी पूल येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. खोलवाडीचे तांडेल होड्यांतून माणसं पलीकडे पोचवायचे. वैद्य पलीकडे, सुईण पलीकडे, बाजारही पलीकडे. होड्या बंद पडल्या की गाव अडकलं, आणि तांडेलांच्या चुलीही विझल्या.

साऱ्या होड्या देवीच्या एकाच खांबाला, एकाच दोरात ओवून बांधायची रीत होती. कुणी वेगळी बांधली तर देवी कोपते, असं म्हातारे सांगायचे. तांडेलांच्याच घरातल्या पोरीला, आवडूला, मात्र तो दोर बघितला की धडकी भरायची. लहानपणी एका वादळात तिच्या बापाची होडी त्याच दोरात शेजारच्या होडीवर आपटून फुटली होती.

एका वैशाखात वारा अचानक फिरला. आभाळ तांबडं झालं, बगळे खाडी सोडून डोंगराकडे गेले. आवडू धावत चुलत्याकडे, बाबल तांडेलाकडे आली.

"काका, एकच दोर आसा. तो तुटलो तर उद्या एक तरी होडी रवतली काय? तिवरांच्या झाडीत लपवूया."

"काल जल्माक इलंस नि आज आमका शिकवतंस? तुझ्या बापाशीन थयच होडी बांधली!"

"मगे ती खंय गेली, ता पण सांगा!"

बाबलसकट सगळे तांडेल देवळात देवीला गाऱ्हाणं घालायला गेले. तिथे आधी कुणी बोलायचं यावरून मानकऱ्यांचं भांडण जुंपलं. बाहेर पाणी चढत होतं.

आवडूने कोयत्याने दोर एकेका होडीपाशी कापला. एकेक होडी वल्हवत ती काठच्या तिवरांत, त्या खारफुटीच्या दाटीत, आत नेऊन बांधायची आणि छातीभर पाण्यातून परत यायची. दर खेपेला पाणी वाढलेलं असायचं. दर खेपेला तिला वाटायचं, आता पोचत नाही. शेवटच्या होडीला दोर उरला नाही, तेव्हा ती हातांनीच धरून उभी राहिली. मग तिवरांनी चिखलातून मुळं वर काढली आणि होडीला बोटांसारखं धरलं. आवडूलाही धरलं, असं म्हणतात.

सकाळी खांब जागेवर नव्हता. होड्या साऱ्या शाबूत होत्या. "आवडू गो! आवडू!" बाबल तांडेल मांडीभर चिखलात हाका मारत फिरला. ती मिळाली नाही. इतक्यात एका अडलेल्या बाईला पलीकडे न्यायची वेळ आली. वल्हं त्यानेच उचललं. सारी खाडी पार होईपर्यंत तो रडत वल्हवत होता, असं म्हणतात.

आता पूल झालाय, उरलेल्या होड्यांना इंजिनं आलीत. खोलवाडीत तिवर कुणी तोडत नाही, उलट दरवर्षी नवी रोपं लावतात. पाणी दरवर्षी थोडं वर येतंय, हे साऱ्यांना दिसतं. म्हणून वैशाखात तांडेलांची बैठक बसली की आवडूच्या नावाने त्या सगळ्यांच्या घरांतल्या सगळ्यात लहान, बोलत्या मुलीला आधी बोलायला लावतात. तिला एकच विचारतात, यंदा तुला कशाची भीती वाटते? ती सांगून संपेपर्यंत एकाही म्हाताऱ्याने तोंड उघडायचं नाही.