पोहत राहण्याचा हुकूम

त्या नगराखाली एक जुना दगडी हौद होता आणि सारे नगर त्याचेच पाणी पीत असे. पाणी चांगले आहे की नाही हे कळावे म्हणून बांधणाऱ्यांनी त्यात मासे सोडले होते. पायऱ्या उतरून आलेले लोक आधी मासे बघत. मासे पोहत असले की घागरी बुडत.

एकदा हौदाच्या भिंतीला चीर गेली आणि वरच्या रंगाऱ्यांच्या कारखान्याचे सांडपाणी मातीतून गाळले जाऊन आत झिरपू लागले. पाण्याचा रंग तसाच राहिला, चव बदलली. भिंतीजवळ राहणारा भुरका नावाचा म्हातारा मासा सगळ्यांत आधी गेला.

हौदाचा कारभार कासवाकडे होता. पायरीवर बसून ते वरची हवा घेई आणि वरून पडणारा भात खाई. त्याने माशांना बोलावून घेतले.

"भुरक्याला तळाशी दगडाखाली ठेवा. वर दिसता कामा नये."

"पण पाणी कडू झालंय, कारभारी," भुरक्याची लेक झिलई म्हणाली.

"मला नाही लागलं कडू."

"तुम्ही पाण्यात असता कुठं?"

कासवाने मान थोडी आत ओढली. "लोकांना कळलं तर हौद बुजवतील. मग जाल कुठं? पोहत राहा."

मासे पोहत राहिले आणि मरत राहिले. मोकळे दगड संपले, तसा नवा हुकूम निघाला. दोघा जिवंतांनी एका मेलेल्याला मध्ये दाबून धरायचे आणि पायऱ्यांपुढून फेरी मारायची. वरून बघणाऱ्यांना मासे पूर्वीइतकेच दिसत.

झिलईच्या वाट्याला तिची धाकटी बहीण आली. दुसऱ्या बाजूला शेजारीण मासोळी होती. दोघी तिला घेऊन वळत असताना पायरीवर एक मुलगी ओणवी झाली. तिचे ओठ सुजून फुटले होते. तिने ओंजळीतले पाणी तोंडात घेतले आणि थुंकले.

"आई, कडू लागतंय."

"काहीतरीच! मासे बघ कसे मजेत पोहतायत. पी गुमान."

झिलईने अंग बाजूला घेतले. बहीण हळूहळू वर आली.

"असतो एखादा मेलेला," म्हणत आईने घागरीच्या काठाने झिलईच्या बहिणीला दूर सारले.

मुलीने पुन्हा ओंजळ भरली. तेव्हा झिलई वर गेली, कुशीवर वळली आणि पोट वर करून निपचित पडली. उघड्या कल्ल्यांना हवा झोंबत होती.

"अगं, सरळ हो!" शेजारीण कुजबुजली. "कासव बघतंय!"

झिलई हलली नाही. शेजारणीने कासवाकडे पाहिले, मुलीच्या ओंजळीकडे पाहिले. मग तीही वळली. तिच्यामागे आणखी एक, आणि मग खांबाखांबांमधून सगळेच वर येऊ लागले.

आईने मुलीच्या हातावर फटका मारून पाणी सांडले. वरच्या पायऱ्यांवर ओरडा झाला. कासवाने घाईघाईने पाण्यात उडी घेतली.

माशांच्या पोटांनी पांढऱ्या झालेल्या त्या पाण्यात आता एकटे कासवच पोहत होते.